हुसैनी पिद्दा आणि आमचा अर्ज

फजरची नमाज झाली की चहा ठेवण्याआधी आम्ही पाच मिनिटे मागच्या बाल्कनीत उभे राहतो. सवय जुनी आहे. तिच्यात आमचा काही मोठेपणा नाही. त्या वेळी घरात बोलायला दुसरे कुणी जागे नसते, एवढेच. समोर सोसायटीची भिंत, भिंतीपलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे मोशी-चिखलीच्या शेडची पत्र्याची छपरे. नाल्याला पाणी बारा महिने असते, कारण ते पावसाचे नसून आपल्या सर्वांच्या मोऱ्यांचे असते. काठाला पाणकणीस, त्याच्या अलीकडे बेशरमीची आणि घाणेरीची झुडपे, मध्येच कुणी तरी आणून टाकलेली गादी. नाला पुढे इंद्रायणीला मिळतो. तिथून ते पाणी आळंदीवरून तुळापूरला जाऊन भीमेत पडते.

दोन हिवाळ्यांपूर्वी, नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, त्या पाणकणसातून एक आवाज येऊ लागला. गाणे नव्हे. नुसते 'टक्, टक्', वाळक्या काडीवर नखाने टिचकी मारावी तसे. आम्हाला वाटले, बेडूक असेल. चार-पाच दिवसांनी आवाजाचा मालक बाहेर आला. चिमणीएवढाच, पण चिमणीपेक्षा पाय उंच आणि उभे राहणे ताठ. पाठ मातकट, डोळ्यावर पांढरट भुवई. चिखलावर चार उड्या मारायचा, थांबायचा, शेपूट उचलून किंचित पसरायचा. तेवढ्यात शेपटीच्या बुडाशी विटकरी रंग चमकायचा आणि लगेच मिटायचा. एवढे होईपर्यंत त्याची आमच्याकडे पाठ होती. मग तो वळला. गळा निळा होता, शाळेतल्या दौतीच्या शाईसारखा. निळ्याच्या मधोमध एक विटकरी ठिपका, आणि खाली छातीवर काळी, पांढरी, तांबूस अशी पट्टी. ज्या नाल्याकडे आम्ही इतकी वर्षे नाकाला रुमाल लावूनच पाहिले, त्यात हे दागिन्यासारखे काय आले, म्हणून चहा राहिला बाजूला.

आमच्या इमारतीत एक काका आहेत. आयुष्य कंपनीच्या टूलरूममध्ये गेले, आता निवृत्त. रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून निघतात. त्यांना जिन्यात गाठले. त्यांनी आधी आमची उलटतपासणी घेतली. गळा निळा की सगळे अंग निळे? शेपटीला विटकरी होते का? जमिनीवर होता की तारेवर? उत्तरे ऐकून म्हणाले, "ब्लूथ्रोट. निळकंठी म्हणा. दसऱ्याला लोक ज्याचं दर्शन घेतात तो नीळकंठ वेगळा, तो मोठा असतो आणि तारेवर बसतो. हा पिटुकला पाहुणा आहे, भाईसाहेब. एप्रिलपर्यंत राहील. बघत जा रोज, तिकीट नाही."

पुढे काकांनीच एक जुने पुस्तक वाचायला दिले. त्यात या पाखराची हिंदुस्थानी नावे वाचून आम्ही चमकलो. एक नीलकंठी, दुसरे हुसैनी पिद्दा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी इथल्या पाखरांवर जी पुस्तके लिहिली, त्यांत हे नाव टिपलेले आहे. पिद्दा म्हणजे गवता-झुडपांत वावरणाऱ्या या चिमुकल्या पाखरांचे उत्तरेकडचे सर्वसाधारण नाव, आणि पिद्दी तर आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी फारच ऐट करू लागला की दादी म्हणायची, क्या पिद्दी और क्या पिद्दी का शोरबा. म्हण आम्ही शंभर वेळा ऐकली होती, पिद्दी मात्र पहिल्यांदाच पाहिली. आणि ही पिद्दी शोरब्यात जाण्यासाठी जन्मलेली नाही, हे त्या गळ्याकडे पाहूनच कळत होते. एका पाखराला एकाच मुलखात निळकंठाचेही नाव मिळाले आणि हुसैनीही. दोन्ही नावे त्याने त्याच गळ्यावर वागवली.

नावांचा विषय निघालाच आहे तर एक जुना घोळ इथेच सोडवू. आपल्याकडे गझला ऐकणाऱ्या घरांत गुल आणि बुलबुल रोजचे. मुले विचारतात, बुलबुल म्हणजे तोच ना, आपल्या कढीपत्त्यावर येऊन बसतो तो, काळ्या डोक्याचा, बुडाखाली लाल? नव्हे. फारसी शायरीतला बुलबुल म्हणजे नाइटिंगेल. तो इराण-तुर्कस्तानाकडचा. आपल्याकडे ज्याला बुलबुल म्हणतात तो निराळ्याच कुळातला आहे. शायरीचे नाव त्याला इथे येऊन चिकटले. गंमत अशी की आमच्या नाल्यातला हा हुसैनी पिद्दा त्या खऱ्या बुलबुलाचा सख्ख्यासारखा भाऊ आहे. शास्त्रज्ञ दोघांना एकाच आडनावाखाली घालतात, लुसिनिया. पिद्द्याचे पूर्ण नाव लुसिनिया स्वेसिका. स्वेसिका म्हणजे स्वीडनची. लिनियसने १७५८ मध्ये हे नाव दिले, तो स्वतः स्वीडनचा होता. गाण्यातही घराणे दिसते. विणीच्या दिवसांत नर झुडपाच्या शेंड्यावर बसून गातो, गाता गाता वर उडतो, पंख-शेपूट पसरून खाली उतरतो आणि गाण्यात शेजारच्या इतर पाखरांच्या नकला मिसळतो. उत्तर युरोपातल्या लॅपलँडचे लोक त्याला शंभर जिभांचा पक्षी म्हणत. आपल्याकडे मात्र तो शंभरातल्या नव्याण्णव जिभा घरी ठेवून येतो. इथे नुसते टक् टक्. परदेशी नोकरीला गेलेला माणूस तिथे कुठे मैफल भरवतो?

घर कुठे आहे त्याचे? फार लांब. नॉर्वे-स्वीडनपासून रशिया आणि सायबेरिया ओलांडून थेट अलास्काच्या टोकापर्यंत, जिथे जमीन ओली, झुडपे बुटकी आणि उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा, तिथे तो वीण घालतो. घरटे जमिनीवरच, गवताच्या झुपक्यात नाही तर झुडपाच्या बुडाशी. अंडी साधारण पाच-सहा. आपल्या देशात त्याची वीण होते ती लडाखकडे, ओढ्यांच्या काठच्या विलोच्या आणि काटेरी झुडपांत. मध्य युरोपात त्याची आणखी एक जात-बिरादरी आहे, तिच्या गळ्यावरचा ठिपका विटकरी नसून पांढरा असतो. ती मंडळी हिवाळ्यात स्पेन-मोरोक्को, सेनेगलकडे जातात. विटकरी ठिपक्याचे पूर्वेची वाट धरतात. पाकिस्तान, हिंदुस्थान, बांगलादेश आणि त्यापलीकडे. दख्खनला ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात पोहोचतात.

ते नेमके कसे कळले, ती हकीकत आपल्या वाचकांना विशेष आवडेल. नॉर्वे आणि चेक देशातल्या शास्त्रज्ञांनी काही पाखरांच्या पाठीवर एक इवलेसे यंत्र बांधले. पाखराचे वजन पंधरा-वीस ग्रॅम, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे साखर. त्यावर बसवायचे यंत्र एका ग्रॅमपेक्षाही हलके हवे. त्यात ना नकाशा, ना उपग्रहाशी बोलणारी तार. ते फक्त उजेड मोजते आणि वेळ लिहून ठेवते. उजाडले कधी, मावळले कधी. बस्स.

आता आपल्या घरात भिंतीवर नमाजच्या वेळांचा तक्ता असतो तो आठवा. खाली बारीक अक्षरांत असते की अमुक शहरासाठी इतकी मिनिटे वजा करा, तमुकसाठी इतकी मिळवा. नागपूरला सूर्य मुंबईच्या साधारण पंचवीस मिनिटे आधी येतो, कारण नागपूर तेवढे पूर्वेला आहे. रेखांशाचा एक अंश म्हणजे चार मिनिटे. आणि उत्तरेला जावे तसा हिवाळ्याचा दिवस आखूड होत जातो. म्हणजे कुणी आपल्याला फक्त उजाडण्याची आणि मावळण्याची वेळ सांगितली, गाव सांगितले नाही, तरी तक्ता उलटा वाचून आपण गाव काढू शकतो. शास्त्रज्ञांनी तेच केले. पुढच्या उन्हाळ्यात पाखरू त्याच जागी परत आले, पुन्हा पकडले, यंत्र उतरवले आणि त्यातल्या वेळा वाचल्या. परत मिळालेली यंत्रे अगदी मोजकी होती, पण त्यांनी सांगितले ते स्पष्ट होते: हिवाळा हिंदुस्थान-पाकिस्तानच्या बाजूला काढला. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. नॉर्वेहून आपल्याकडे सरळ रेषेतही सहा हजार किलोमीटरांहून जास्त भरते. आमच्या नाल्यातला पिद्दा नॉर्वेचा की सायबेरियाचा, ते त्याच्या पाठीवर लिहिलेले नव्हते. पण चार चमचे साखरेच्या वजनाचा जीव एवढी वाट कापून एका बेशरमीच्या झुडपाखाली उतरतो, ही गोष्ट आमच्या मनातून जाईना.

आता या पाहुण्याला इथे हवे तरी काय? त्याची मागणी फार साधी आहे आणि तिथेच सगळे अडते. ओली जमीन हवी, पण पाणी खोल नको. पाय बुडवून उभा राहणारा हा पक्षी नव्हे. चिखल उघडा हवा, म्हणजे चालता येईल, आणि दोन उड्यांच्या अंतरावर दाट आडोसा हवा, म्हणजे शिक्रा आला की आत शिरता येईल. पाणकणीस, बोरू, लव्हाळे, पाटाच्या कडेचे गवत, उसाचा फड. मोठी झाडे नसली तरी चालते. बाग तर त्याला नकोच. काकांबरोबर आम्ही त्या हिवाळ्यात चार-पाच रविवार हिंडलो. देहूला अनगडशाह बाबांच्या दर्ग्यावर फातेहा पढून नदीकाठी उतरलो, तेव्हा एक मादी दिसली. मादीचा गळा पांढरट असतो आणि त्याभोवती काळसर ठिपक्यांची माळ, निळे जवळजवळ नाहीच. आळंदीच्या पुढे उसाच्या पाटाकाठी नुसता आवाज ऐकला. चाकणच्या उत्तरेला भामा नदीच्या बाजूला, कांद्याच्या वाफ्यांजवळ एका शेततळ्याच्या गळतीने झालेल्या दलदलीत एकदम दोन नर होते, आणि त्यांचे पटत नव्हते. हा पक्षी हिवाळ्यातही आपापला तुकडा राखून असतो. दुसरा आला की शेपूट उंच करून धावून जातो. मागे कंपन्यांचे लांबलचक निळे पत्रे, रस्त्याला कंटेनरची रांग, आणि हे दोघे वीस फूट चिखलाच्या मालकीवरून भांडत होते. जमिनीचा भाव त्यांनाही कळला असावा.

खाण्याचे म्हणाल तर तो जवळजवळ पूर्ण मांसाहारी. भुंगेरे, मुंग्या, माश्या, अळ्या, कोळी, चिखलातले किडे, कधी लहान गोगलगाय. शरद ऋतूत तिकडे उत्तरेला झुडपांची फळे आणि थोडे बीही खातो. तो आकाशात झेप घेऊन किडे धरणाऱ्यांतला नाही. जमिनीवरचा कामगार आहे. पळतो, थांबतो, मान तिरकी करून पाहतो, पान उलटतो, टिपतो, पुन्हा पळतो. आम्ही एकदा घड्याळ लावून पाहिले. दहा मिनिटांत त्याने गादीच्या कडेने जेवढ्या वेळा चोच मारली तेवढ्या वेळा आम्ही पूर्ण रमजानच्या इफ्तारांत भजी उचलली नसतील. आणि त्याचे कारण आहे. परतीच्या प्रवासाआधी त्याला अंगावर चरबी चढवावी लागते. तेच त्याचे पेट्रोल. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचा गळा दिवसेंदिवस उजळत गेला. नोव्हेंबरात निळ्यावर फिकट किनारींची धूळ होती, मार्चअखेर ती झडून निळे असे लखलखू लागले की बाल्कनीतूनही दिसे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी टक् टक् आले नाही.

इथपर्यंत सगळे छान आहे. यापुढे आम्ही काय केले ते सांगायचे आहे, आणि त्यासाठीच हा मजकूर लिहायला घेतला.

त्याच वर्षी सप्टेंबरात आमच्या मोठ्या लेकीला डेंग्यू झाला. ज्यांच्या घरी झाला आहे त्यांना वर्णन नको. प्लेटलेट्सचा आकडा रोज खाली जायचा, आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून पपईच्या पानापासून बकरीच्या दुधापर्यंत सगळ्यांचे सल्ले ऐकायचो. अल्लाहच्या कृपेने पोर आठ-दहा दिवसांत घरी आली. पण इमारतीत आणखी तीन घरांत ताप होता. सोसायटीची बैठक झाली. एकमत व्हायला पाच मिनिटेही लागली नाहीत. नाला. डास तिथून येतात, साप तिथून येतात, वास तिथून येतो. झाडी काढून नाला साफ करावा असा अर्ज लिहिला गेला. मराठी चांगले म्हणून तो आम्हीच लिहिला. सह्या बेचाळीस. दुसरी सही आमची.

अर्ज करताना पिद्दा आठवला नाही का? आठवला. खोटे कशाला बोला. सही करताना पेन क्षणभर थांबले होते. पण लेक आत झोपली होती, हाताला सलाईनच्या सुईचे काळे-निळे डाग होते, आणि अशा वेळी नॉर्वेच्या पाखराची वकिली करणारा बाप आम्हाला स्वतःलाच आवडला नसता.

एरवी अर्ज महिनोन्महिने पडून राहतात. हा मात्र पावला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जेसीबी आला आणि एका दिवसात पाणकणीस, बेशरम, घाणेरी सगळे खरवडून काठावर ढीग लावून गेला. गादी तेवढी राहिली. आम्ही बाल्कनीतून पाहिले, टाळ्याही पडल्या.

त्यानंतर आठवड्याने तपासणी करणारा एक तरुण कर्मचारी दारोदार फिरत आला. हातात बॅटरी. नाल्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. सरळ आमच्या बाल्कनीत गेला आणि कोपऱ्यातल्या निळ्या ड्रमचे झाकण उचलले. "या साहेब, बघा." पाण्यात बॅटरीच्या उजेडात शेवयांच्या तुकड्यांसारखे काही तरी वळवळत होते. मग त्याने फ्रिजच्या मागचा ट्रे ओढला, तुळस-पुदिन्याच्या कुंड्यांखालच्या बशा पाहिल्या. सगळीकडे तेच. म्हणाला, "डेंग्यूचा डास गटारात नाही होत. त्याला तुमच्यासारखं स्वच्छ पाणी लागतं."

हे आम्ही पुढे नीट वाचून काढले, कारण कमीपणा इतका वाटला होता. डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ताय जातीची मादी साठवलेल्या, स्थिर, स्वच्छ पाण्याच्या भांड्याच्या कडेला, पाण्याच्या जरा वर अंडी घालते. ड्रम, कुलर, टायर, बशी, नारळाची करवंटी, काहीही. भांडे रिकामे केले तरी कडेची अंडी कोरडी राहून महिनोन्महिने टिकतात, पाणी भरले की उठतात. म्हणून नुसते ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. ती दिवसा चावते आणि फार लांब जात नाही. घाणेरड्या नाल्यात जो डास होतो तो क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणणारा. तोही भला नव्हे, हत्तीरोग पसरवतो, पण आमच्या लेकीला ज्याने पाडले तो हा नव्हता. तो आमच्याच ड्रममधून उठला होता.

आणि ड्रम का होता? पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून नळाला एक दिवसाआड पाणी येते. तेव्हापासून आमच्या शहरात असे घर शोधून सापडणार नाही जिथे ड्रम नाही. नदीकाठच्या शहरात पाणी साठवून ठेवावे लागते, साठवलेल्यात डास होतात, डासांसाठी आपण नदीला मिळणाऱ्या नाल्याचा काठ खरवडतो. या साखळीत पिद्द्याचा दोष कुठे बसतो, ते आम्ही बरेच शोधले.

त्या नोव्हेंबरात तो आला. वीस तारखेच्या सुमारास. टक् टक् ऐकू आले म्हणून आम्ही धावलो, तर तो चिखलाच्या ढिगावर उघड्यावर उभा होता. ढेकळांत काही टिपले, गादीपर्यंत पळत गेला, परत आला. आडोसा म्हणून काहीच नव्हते. पायात वलय घातलेली अशी लहान स्थलांतरी पाखरे पुढच्या हिवाळ्यात नेमकी त्याच झाडीत परत सापडतात, असे काकांनी सांगितले होते. हा तोच गेल्या वर्षीचा होता का? चेहऱ्याने ओळखण्याइतकी आमची ओळख नव्हती. दोन सकाळी दिसला, तिसऱ्या दिवशी नाही.

आम्ही एकटेच काठ खरवडतो असे नाही, हे सांगून मन हलके करण्याचा प्रयत्न केला. खरेच आहे ते. आपल्या शहराच्या तिन्ही नद्यांचे काठ कुणाला ना कुणाला हवे आहेत. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले पाडले गेले. लोकांच्या आयुष्यभराच्या कमाया त्यात होत्या. पूररेषेचा कागद घर घेताना कुणी पाहिला नव्हता. मुळेच्या काठी नदी सुधार प्रकल्पाचे काम सुरू झाले तेव्हा पिंपळे निलखच्या बाजूला रहिवाशांनी आणि निसर्गप्रेमींनी झाडे आणि नैसर्गिक काठ वाचवण्यासाठी आवाज उठवला. काठाला दगडी बांध आणि फिरायला फरसबंदी केली की आपल्यासारख्यांना बरे वाटते, मुलांना सायकल फिरवता येते. पिद्द्याला मात्र फरशीवर करण्यासारखे काही काम नाही. त्याला जी ओली, गबाळी, कुणाच्याही मालकीची न वाटणारी पट्टी लागते, तिला आपल्या भाषेत एकच शब्द आहे, घाण.

मग आम्ही दुसरा अर्ज लिहिला. नाल्याच्या पलीकडच्या काठाला, जिथे कुणाचे दार-खिडकी नाही, दहा फुटांची पट्टी न कापता ठेवावी. अलीकडचा काठ खुशाल साफ करावा. कचरा आणि गादी उचलावी. सोबत इमारतीतल्या सर्व ड्रमना झाकण आणि आठवड्यातून एकदा कोरडा दिवस. हा सोसायटीच्या बैठकीत मांडला तेव्हा ड्रमचा भाग लगेच मंजूर झाला. पट्टीवर हशा पिकला. एक चाचा, आमचेच स्नेही, मोठ्याने म्हणाले, "बेचाळीस सह्या करून काढलं ते आता एका पिद्दीसाठी परत लावायचं?" आणि दादीची ती म्हण पुरी केली. आम्हीही हसलो. काय करणार, आदल्या वर्षीचा अर्ज आमच्याच अक्षरात होता.

बैठक संपल्यावर चाचांना आम्ही एक किस्सा सांगितला, तो इथेही सांगतो. मुंबईत खेतवाडीत, सुलेमानी बोहरा कुटुंबातला एक पोरका मुलगा मामांकडे वाढत होता. मामा अमीरुद्दीन तय्यबजी, शिकारीचे शौकीन. मुलाच्या हातात छऱ्याची बंदूक. एक दिवस त्याने चिमणी पाडली आणि पाहतो तो गळ्यावर पिवळा डाग. नेहमीच्या चिमणीला असतो कुठे असा डाग? मुलाला प्रश्न पडला की ही खाण्याला चालते की नाही. आपल्या घरातल्या कुठल्याही मुलाला पडावा असा प्रश्न. मामांनाही उत्तर येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे चिठ्ठी देऊन धाडले. मिलार्डसाहेबांनी पाखरू ओळखले, पिवळ्या गळ्याची चिमणी, आणि कपाटे उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६. पुढे १९८५ मध्ये आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याच्या नावातही त्यांनी त्या पडलेल्या चिमणीलाच जागा दिली. वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले आहे. घरात शाळकरी मुले असतील तर अवश्य आणा. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. पुण्यात येरवड्याला मुळा-मुठेच्या काठचा झाडीचा जो तुकडा सालिम अलींच्या नावाने ओळखला जातो, तोही असाच गबाळा, ओला आणि कुणाला ना कुणाला हवा असलेला.

चाचांनी किस्सा शांतपणे ऐकून घेतला. म्हणाले, "म्हणजे हलाल आहे का, एवढंच विचारायला गेला होता पोरगा?" मग खिशातून पेन काढून सही केली. सह्या एकूण अकरा झाल्या. लेकीचीही घेतली, ती अठराची झाली आहे.

अर्जावर अजून शेरा आलेला नाही. पाणकणसाने मात्र वाट पाहिली नाही. त्याची मुळे चिखलात आडवी पसरलेली असतात, वरचे कापले तरी खालून फुटते. या पावसाळ्यानंतर पलीकडच्या काठाला ते कमरेएवढे झाले आहे, गादीच्या आतूनही दोन पाती वर आली आहेत. शुक्रवारी आमचा कोरडा दिवस असतो. गेल्या शुक्रवारी जुम्म्याच्या आधी लेक ड्रम आडवा करून कडा घासत होती, तेव्हा तिने हात थांबवला आणि आम्हाला खूण केली. दोनदा टक् ऐकू आले. दिसला नाही. पाण्याचा टँकर आला आणि त्याच्या भोंग्यात पुढचे काही ऐकू आले नाही.